दरायसचा शिलालेख आणि प्रजेचा कर

इ. स. पूर्व ५२२ मध्ये दरायस इराणच्या गादीवर आला तेव्हा साम्राज्य फुटू लागले होते. बॅबिलोन, एलाम, मिडिया, आर्मेनिया, इतकेच नव्हे तर खुद्द पर्शियातही बंडे उसळली. एका वर्षात १९ लढाया जिंकून ९ राजे पकडल्याचे त्याने बेहिस्तूनच्या कड्यावर तीन भाषांत कोरविले. बंडखोर ‘खोटे’ होते, हेच त्याचे स्पष्टीकरण.

हिरोडोटस दुसरी बाजू सांगतो. दरायस व त्याच्या साथीदारांनी ज्या गादीधाऱ्याला ठार केले, त्याने प्रजेला तीन वर्षे कर व लष्करी सेवा माफ केली होती. त्याच्या मृत्यूने पर्शियनांखेरीज सारा आशिया हळहळला.

तलवारीने राखलेले राज्य दरायसने हिशेबाने बांधले. २० प्रांत पाडले, प्रत्येकावर ठरीव खंडणी बसविली. सिंधूकडील प्रांताला ३६० टॅलेंट सुवर्णरज द्यावी लागे. पर्शिया मात्र करमुक्त राहिला. वसुलीला शिस्त आली, समता आली नाही. इ. स. पूर्व ४८६ मध्ये, त्याच्या हयातीतच, इजिप्त पुन्हा उठला.

राज्यकर्त्यांच्या शिलालेखात बंडाचे खरे कारण सापडत नाही. ते शोधण्यासाठी कर कोणी भरला आणि कोणाला माफ झाला, हेच आधी विचारले पाहिजे.