विसावा

मंडळी, 'विसावा' हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळला आहे, की कोणी अर्थ विचारला तर आपण 'विश्रांती' असे सांगून मोकळे होतो. 'विश्राम' आणि 'विसावा' एकाच घरचे, तेव्हा हे चूकही नाही. पण वापर पाहा, तो काही निराळेच सांगतो.

ज्ञानोबा माउलींची पालखी आळंदीहून पंढरपुराला निघते. रात्री ती जेथे राहते, तो मुक्काम. दिवसा वाटेत घटकाभर टेकते, तो विसावा. मुक्कामाला तंबू पडतात. विसाव्याला पडशी नुसती खांद्यावरून उतरते. अंत्ययात्रेतही तिरडी मध्येच खाली ठेवून खांदेकरी जागा बदलतात, त्या ठिकाणालाही विसावाच म्हणतात. सुटी लागली की काम मागे राहते. विसाव्यात ते आपल्या शेजारीच बसलेले असते.

आता गवताचा भारा डोईवर घेतलेली बाई वाटेत विसावेल कशी? भारा टाकायला काय, टाकता येतो हो. पण तो पुन्हा डोक्यावर चढवायला कोणाचा तरी हात लागतो. एकटी असली, तर मान अवघडली तरी ती चालतच राहते. तमिळनाडूत जुन्या वाटांच्या कडेला यावर एक तोड आढळते. दोन उभ्या दगडांवर एक आडवा दगड, साधारण खांद्याच्या उंचीचा. ओझे त्यावर सरकवायचे, दम खायचा, आणि कोणाला हाक न मारता पुन्हा डोईवर घ्यायचे. त्याला 'सुमैतांगी' म्हणतात. म्हणजे ओझे पेलणारा. गरोदरपणी वारलेल्या बाईच्या स्मरणार्थ असे दगड उभारण्याची चाल तिकडे होती. तिचे ओझे उतरायचे राहिले, निदान येणाऱ्या-जाणाऱ्यांचे तरी उतरावे!

आपल्याकडे दुपारची जेवणे उरकली, की ओसरीवरून आवाज येतो, "अगं, तू पण जरा विसाव की." बोलणाऱ्याचे मन खोटे नसते. पण खरकटी भांडी तशीच पडलेली असतात, आणि त्यांना हात लावायला कोणी उठत नाही. मग ती विसावणार कशी?

गुरुजी, बाई, 'विसावा' शब्दाचे वाक्य करायला सांगाल, तेव्हा 'सुटीत मी विसावा घेतला' असे वाक्य वर्गात हमखास येईल. बरोबर द्या त्याला. मात्र दुसरे वाक्य उद्यावर ठेवा. आपली आई दिवसातून केव्हा टेकते, कोठे टेकते आणि तिला कोण उठवते, एवढे मुलांनी आज घरी पाहून यावे.