एका जहाल औषधाची गोष्ट
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी सभेत दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या तयारीत संस्थेच्या वाचनालयाचे जुने कपाट झाडण्याचे काम आमच्याकडे आले. मराठी पुस्तकांच्या रांगेत आमच्या अब्बांनी देणगी दिलेले एक उर्दू पुस्तकही होते. पान उलटताना त्यावरील त्यांच्या सहीचा तुकडा मोडून आमच्या हातात आला. शेजारी उभ्या असलेल्या एका विश्वस्तांनी विचारले, "मास्तर, तुम्ही रसायनशास्त्र शिकविता, या कागदाला काही औषध नाही का?" त्या प्रश्नाचे उत्तर आज देत आहोत.

आधी रोग पाहू. एकोणिसाव्या शतकात कागदावर शाई फुटू नये म्हणून लगद्यात तुरटी आणि राळ घालू लागले. त्या तुरटीपासून दमट हवेत हळूहळू आम्ल तयार होते आणि ते कागदाचे तंतू तोडते. आपल्या बेळगावच्या पावसात या रोगाला खतपाणीच मिळते.

आता औषध. त्याचे नाव डायएथिल झिंक. जस्ताचा एक अणू आणि त्याच्या दोन बाजूंना कार्बन-हायड्रोजनचा एकेक एथिल गट, अशी त्याची घडण. एडवर्ड फ्रँकलंड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८४८-४९ साली बंद नळीत जस्त आणि एथिल आयोडाइड तापवून ते प्रथम मिळविले. हे फ्रँकलंड त्या काळी हॅम्पशायरमधील क्वीनवुड येथे शाळामास्तर होते, हे सांगताना आम्हाला थोडा अभिमान वाटतो! अशा संयुगांच्या अभ्यासातूनच १८५२ मध्ये त्यांनी अणूच्या संयोगशक्तीचा, म्हणजे आपण शाळेत शिकवितो त्या संयुजेचा, विचार मांडला.

दिसायला हा द्रव पाण्यासारखा रंगहीन. सुमारे ११७ अंश सेल्सिअसला उकळतो. पण हवा लागताच आपोआप पेट घेतो. पाण्याशी गाठ पडली की ईथेन हा ज्वालाग्राही वायू जोराने सुटतो. म्हणून याच्या आगीवर पाणी ओतणे म्हणजे आगीत तेल ओतणे. तेथे कोरडी वाळू किंवा योग्य ती कोरडी पूडच हवी. बाजारात तो मिळतो तोही नायट्रोजनसारख्या शांत वायूखाली, घट्ट बंद सिलिंडरांत. किंवा हेक्झेन, टोल्युइन अशा द्रावकांत पातळ करून. पातळ केल्याने त्याचा ताव कमी होतो, परंतु धोका जात नाही.

असा आग्यावेताळ पुस्तकांच्या कामी कसा आला? त्याची वाफ मिटलेल्या पुस्तकाच्या पानापानांत शिरते, आम्ल मारते, आणि कागदात उरलेल्या ओलाव्याशी मिळून झिंक ऑक्साइड, म्हणजे मलमात पडते ती पांढरी पूड, मागे ठेवते. ही पूड पुढे होणाऱ्या आम्लालाही आवरते. पुस्तक उसवावे लागत नाही आणि एका वेळी हजारो पुस्तके पेटीत घालता येतात. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९७० नंतरच्या दशकात ही युक्ती काढली. पुस्तके आधी पोकळीत कोरडी करावयाची आणि मग वाफ सोडावयाची, असा क्रम.

प्रयोगासाठी नासा या अवकाशसंस्थेच्या मेरीलँडमधील गॉडर्ड केंद्रात यंत्रणा उभारली. डिसेंबर १९८५ मध्ये तेथे आग लागली. फेब्रुवारी १९८६ मध्ये पुन्हा अपघात झाला आणि ते काम तेथे थांबले. पुढे टेक्सासमध्ये ॲक्झो या रसायन कंपनीने ही पद्धत चालविली. १९९४ मध्ये तेही बंद झाले. त्यानंतर लायब्ररीने मॅग्नेशियम ऑक्साइडच्या सौम्य पद्धतीचा आश्रय घेतला.

यात आम्हाला दिसते ते इतकेच : औषध खोटे नव्हते, परंतु ते बाळगण्याची ऐपत औषधाच्या गुणाइतकीच महत्त्वाची असते. अवकाशयाने बनविणाऱ्यांच्या आवारात जे आवरले नाही, ते आपण वाचनालयात आणण्याचा प्रश्नच नाही.

मग आपल्या हातात काय? पुष्कळ आहे. कपाट ओल्या भिंतीपासून दूर सरकवावे आणि जमिनीपासून उंच करावे. मोडकी पुस्तके आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेट्यांत ठेवावीत. ज्यांची दुसरी प्रत नाही, त्यांची छायाचित्रे काढून घ्यावीत. डिंक आणि चिकटपट्टी यांना मात्र हात लावू नये. महोत्सवाच्या प्रवेशकमानीसाठी जी रक्कम ठरली आहे, तिच्यातला निम्मा वाटा या कामाला द्यावा, अशी विश्वस्त मंडळास आमची नम्र विनंती आहे. कमान आठ दिवसांत उतरेल; कपाट आपल्या नातवंडांना लागेल.

अब्बांच्या सहीचा तुकडा आम्ही चिकटविलेला नाही. स्वच्छ पांढऱ्या कागदात घडी करून तो त्याच पुस्तकात ठेवला आहे.