मुंग्यांची चटणी, वीस रुपये द्रोण

(या भागाचं लिखित रूप. बोलताना अडखळलेली वाक्यं थोडी सरळ केलीत, बाकी जसंच्या तसं.)

कानात हेडफोन आणि समोर ताट असेल, तर आधी जेवून घ्या. आज विषय किड्यांचा आहे. खायच्या किड्यांचा.

शिरूरहून एका श्रोत्याची व्हॉईस नोट आली. "दादा, मित्रांसोबत बँकॉकला चाललोय. तिथं रस्त्यावर नाकतोडे तळून विकतात म्हणे. खायचे का? आणि खाल्ले तर घरी सांगायचं का?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुझ्या आईवर अवलंबून आहे भावा. पहिल्याचं मी देतो, पण त्यासाठी बँकॉकच्या आधी गडचिरोलीला जावं लागेल.

मी दौंडचा, हे तुम्हाला माहितीये. पुण्यात हॉस्टेलला होतो तेव्हा माझा रूममेट भामरागड तालुक्यातला, माडिया. पहिल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीवरून येताना त्यानं एक छोटा डबा आणला. आत लाल मुंग्यांची कोरडी चटणी, मिरची-मीठ घालून कुटलेली. मेसमध्ये वरण फार सपक असायचं, त्यावर घ्यायला. कुणीतरी विचारलं, त्यानं खरं सांगितलं, आणि झालं. त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं 'मुंगी'. कॉरिडॉरमध्ये मुंगी दिसली की पोरं ओरडायची, "अरे, तुझं जेवण चाललंय बघ!" दुसऱ्या वर्षी डबा आला नाही. तिसऱ्या वर्षी त्यानं आईला सांगितलं होतं, की शेंगदाण्याची चटणी दे, तीच. मुंग्या नकोत.

हे मी आता सांगतोय कारण तीच पोरं पुढं थायलंडला गेली, आणि विंचवाची काडी तोंडात धरून त्यांनी रील टाकली. लाइक पण भरपूर पडले. बँकॉकचा किडा म्हणजे ॲडव्हेंचर आणि भामरागडची मुंगी म्हणजे 'हे लोक काहीही खातात'. हा फरक किड्यात नाही.

नंतर मी त्याच्यासोबत त्याच्या भागात गेलो. दौंडला महाराष्ट्र एक्सप्रेस पकडली (वेळेचं विचारू नका), नागपूरला उतरलो, मग चंद्रपूर, आलापल्ली. तिथून तो म्हणाला, आधी सिरोंच्यावरून जगदलपूरला जाऊ, तिथला बाजार बघ. इंद्रावतीच्या अलीकडे आपलं गडचिरोली, पलीकडे छत्तीसगडचं बस्तर. नकाशात राज्य बदलतं, जंगल आणि माणसं बरीचशी तीच राहतात.

बस्तरच्या आठवडी बाजारात ही चटणी उघड विकायला असते. तिकडं तिला 'चापडा' म्हणतात. बायका पानाच्या द्रोणात लाल मुंग्या आणि त्यांची पांढरी अंडी घेऊन बसतात, बाजूला मोहाची दारू, सुकी मासळी, चिंच. आम्ही घेतली ती वीस रुपये द्रोण. कच्च्या मुंग्याही मिळतात आणि वाटलेली चटणीही. वाटलेलीत लसूण, आलं, मिरची, मीठ असतं.

चव सांगतो. पहिल्यांदा आंबट. लिंबासारखं नाही, जिभेच्या कडेला चटकन चावणारं आंबट. मग तिखट. मुंगीची म्हणून वेगळी चव शोधत बसलात तर ती आंबटपणाच आहे. या मुंगीच्या अंगात फॉर्मिक ॲसिड असतं, ती चावल्यावर जी आग होते ती त्याचीच. आंबा, साल अशा झाडांवर ती जिवंत पानं एकमेकांना शिवून घरटं करते. शिवायला धागा कुठला? स्वतःच्या अळ्या तोंडात धरायच्या आणि त्यांच्या रेशमानं टाके घालायचे. मी ते घरटं बघितलं तेव्हा खाण्यापेक्षा त्याचंच जास्त नवल वाटलं. घरटं काढणाऱ्याला मुंग्या कडकडून चावतात. एका द्रोणामागं तेवढे चावे आहेत, म्हणून वीस रुपयांत घासाघीस करू नका प्लीज.

तिकडे असंही सांगतात की ताप आला तर या मुंग्या अंगावर सोडून चावून घ्यायच्या. ऐकायला भारी आहे, पण ताप आला तर डॉक्टरकडे जा. ओडिशातून तर कोविडवर ही चटणी वापरा अशी मागणी थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती, २०२१ मध्ये कोर्टानं ती नाकारली. औषध म्हणून नाही, पण खाणं म्हणून तिला मान मिळाला: जानेवारी २०२४ मध्ये ओडिशाच्या मयूरभंजमधल्या सिमिलिपाल काई चटणीला जीआय टॅग मिळाला. काई म्हणजे हीच मुंगी. मी ती बातमी रूममेटला पाठवली. त्यानं फक्त अंगठा पाठवला. मग दहा मिनिटांनी, "हॉस्टेलच्या ग्रुपवर टाक."

मी टाकली.

आता 'शी' बद्दल. शिरूरच्या बाजारात सुकट आणि जवळा घेताना आपण नाक दाबत नाही, वास असूनसुद्धा. आणि कोळंबी, जवळा, खेकडा हे किड्यांचे सख्खे चुलतभाऊ आहेत. बाहेर कवच, सांध्यांचे पाय, सगळं तेच. गावरान अंड्याला आपण जास्त पैसे देतो, कारण ती कोंबडी उकिरड्यावर किडे टिपत फिरते. चॉकलेटच्या गोळीवरची चकाकी बऱ्याचदा लाखेची असते, म्हणजे लाखेच्या किड्याची. मधाचं तर बोलायलाच नको. २०१३ मध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेचा मोठा अहवाल आला, त्यात किडे खाणाऱ्यांचा अंदाज दोनशे कोटी माणसांचा दिलाय आणि खाल्ल्या जाणाऱ्या जाती १९०० च्या वर. सिंगापूरनं २०२४ मध्ये १६ जातींना परवानगी दिली. म्हणजे विचित्र कोण, हा प्रश्न जरा उलटा होतो.

पण थांबा. हे ऐकून कुणी शेतात जाऊ नका.

आमच्याकडं वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर हुमणीचे भुंगे जमतात. फांदी हलवायची, खाली पडलेले गोळा करायचे आणि रॉकेलच्या पाण्यात टाकायचे, हे दौंड-शिरूरच्या ऊसवाल्याला शिकवायला नको. माझा भाऊ म्हणाला, "मग हेच तळ की, उसाचं नुकसान वसूल होईल." नाही. एक तर कुठला भुंगा खाण्याजोगा ते आपल्याला माहीत नाही. माडियांना त्यांची मुंगी पिढ्यान् पिढ्या माहिती आहे. दुसरं म्हणजे आपल्या शेतात कीटकनाशक पडलेलं असतं, ते किड्याच्या अंगात असतं. २०२० ला टोळधाड विदर्भात आली होती, आठवतं? फवारलेले टोळ खाऊ नयेत, हे जगभर सांगितलं जातं. थायलंडमध्ये नाकतोड्यांच्या जवळचा जो रातकिडा मिळतो, तो बहुतेक शेडमध्ये पाळलेला असतो. आपल्या पोल्ट्रीसारखाच धंदा.

तर बँकॉक. तिथले लोक हे बाजारातून पिशवीत घेतात, बिअरबरोबर चकणा म्हणून. रातकिडा, बांबूतली अळी, रेशमाचे कोश, वरून सोया सॉस आणि मिरपूड. विंचू वगैरे मुख्यतः टुरिस्टसाठी. सुरुवात बांबूच्या अळीनं कर, ती कुरकुरीत असते, पायबिय नसतात. नाकतोड्याचे मागचे पाय आणि पंख काढून टाक, घशात अडकतात आणि पोटालाही जड. समोर ताजं तळून देणारा शोध. तासन् तास उघडं पडलेलं नको: थायलंडमध्येच २००७ साली असे तळलेले किडे खाऊन हिस्टामिनची विषबाधा झाली होती, आणि ते विष पुन्हा तळल्यानं जात नाही. फोटोचे काही गाडेवाले वेगळे पैसे मागतात. द्यायचे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे नीट ऐक. तुमच्या ग्रुपमध्ये कुणाला कोळंबी किंवा खेकड्याची ॲलर्जी असेल, तर त्यानं एकही किडा खायचा नाही. दोन्हीत ट्रोपोमायोसिन नावाचं जवळपास सारखंच प्रोटीन असतं. माझ्या दौंडच्या एका मित्राचे सुकट खाल्ली की ओठ सुजतात. जगदलपूरला तो सोबत होता, द्रोण हातात घेऊन पुढं आला, आणि रूममेटनं तो त्याच्या हातातून काढून घेतला. म्हणाला, "तुला सुकट चालत नाही ना? मग हे नाही." चिडला तो, दिवसभर बोलला नाही. नंतर त्यानं पुण्यात डॉक्टरला विचारलं. डॉक्टर म्हणाले, ज्यानं काढून घेतलं त्याला पार्टी दे.

पार्टी झाली. रूममेटनं मागवली पनीर टिक्का, त्याचं आपलं वेगळंच.

बस्तर-गडचिरोलीला जाणार असाल तर उन्हाळ्यात जा, तेव्हा घरट्यांत अंडी भरपूर असतात. मोबाईल बाहेर काढायच्या आधी त्या मावशींना विचारा, आणि त्या नको म्हणाल्या तर नको. पुढच्या भागात भिगवणची चिलापी. तिला कुणी शी म्हणत नाही, आणि गंमत म्हणजे तो मासा मूळचा आफ्रिकेचा.