खोपडीतला दिवा : हिशेब आधी, खरेदी मग
(जिल्हा बैठकीतील भाषण)



ज्वारी निसवली की आपल्यापैकी किती जणांचं अंथरूण घरी असतं? हात वर करू नका, मला ठाऊक आहे. रानडुकरं आणि रोही रात्री येतात, म्हणून आपणही रात्री शेतात. खोपडीच्या एका कोपऱ्यात वेचलेला कापूस, दुसऱ्या कोपऱ्यात पेटती चिमणी. ती लवंडली तर हंगामाची राख व्हायला वेळ लागत नाही. बिनदिव्याचं उठावं, तर पायाखाली साप. आणि विजेचा खांब दोन किलोमीटरवर.

कृषीची पदवी घेतलेल्या माणसानं याचा बंदोबस्त नीट केला असेल, असं तुम्हाला वाटेल. २०११ साली मी दुकानात गेलो. ‘साहेब, पंखा-टीव्ही सगळं चालेल,’ म्हणाला. दीडशे अँपिअर-तासांची बॅटरी, इन्व्हर्टर आणि प्लेट फक्त ४० वॅटची. कोठी मोठी आणि पीक पायलीभर! त्यात इन्व्हर्टर चोवीस तास चालू. काही न लावताही तो १० वॅट खात होता, म्हणजे दिवसाला २४० वॅट-तास. प्लेट देत होती सव्वाशेच्या आसपास. बॅटरी कायम उपाशी राहिली आणि चौदा महिन्यांत मेली. तीन क्विंटल कापूस पाण्यात. पिकाला खताची मात्रा मोजून द्या म्हणून गावोगाव सांगणारा मी, स्वतः मात्र न मोजता पैसे मोजून आलो.

तेव्हा आधी हिशेब. बल्बचे वॅट गुणिले तास, झाले वॅट-तास. ५ वॅटचा एलईडी रात्रभर दहा तास : ५०. दुसरा तीन तास : १५. मोबाईल आणि बॅटरी-टॉर्च मिळून १५. रात्रीचा खर्च ८० झाला. ५० वॅटची प्लेट चांगल्या उन्हात, गळती वजा जाता, दीडशेच्या आसपास देते. आभाळ भरलं की तीस-चाळीसच. मग बॅटरी किती? १२ व्होल्टची ४० अँपिअर-तासांची घेतली तर ४८० वॅट-तास. ॲसिडची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नाही, म्हणजे हाती २४०. ढगाळीच्या तीन रात्री निघतात. लिथियमची बॅटरी जास्त खोल वापरता येते, टिकतेही जास्त. पण महाग, आणि तिला चालेल असाच चार्ज कंट्रोलर लागतो. बल्ब १२ व्होल्टचेच घ्या, इन्व्हर्टरची गरजच उरत नाही.

प्लेटीचं तोंड दक्षिणेला. तीन फूट लांबीची असेल तर वरची कड खालच्या कडेपेक्षा एक फूट उंच. आपल्या विदर्भाला तेवढा उतार बरोबर बसतो. कडुनिंबाच्या एका फांदीची सावली कोपऱ्यावर पडली तरी वीज निम्म्याहून खाली येऊ शकते. धूळ पुसायची ती सकाळी, काच थंड असताना. (चोरीचं विचाराल, तर बोल्टच्या नटावर वेल्डिंगचा टाका मारून घ्या.)

वायरीत काटकसर करू नका. प्लेट पन्नास फुटांवर आणि वायर बारीक असली, तर १२ व्होल्टातले एक-दोन व्होल्ट वाटेतच जिरतात.

आता कापसाचं. बॅटरी कापसाजवळ ठेवू नका, खाटेखालीही नको. चार्ज होताना ॲसिडच्या बॅटरीतून निघणारा वायू ठिणगीनं पेटतो. भोकं पाडलेल्या पेटीत, भिंतीबाहेर सावलीत ठेवा. धन टोकाला लागूनच फ्यूज हवा. उंदरानं वायर कुरतडली तर तोच वाचवतो. जोडताना कंट्रोलरला आधी बॅटरी, मग प्लेट. काढताना उलट.

आणखी एक. ज्यांच्या विहिरीवर सौर पंप आहे, त्यांनी त्याच्या प्लेटींवरून खोपडीसाठी परस्पर वायर ओढू नये. तिथे शेकड्यांनी व्होल्ट असतात. बॅटरी तर जाईलच, माणूसही जाईल.

ज्यांचे दिवे मध्यरात्रीच मंदावतात त्यांनी पहाटे, ऊन लागण्याआधी, दिवे बंद करून अर्ध्या-एक तासानं ॲसिडच्या बॅटरीचे व्होल्ट मोजावेत. १२.२ च्या खाली असतील तर तुमचा खर्च प्लेटीच्या कमाईपेक्षा जास्त आहे. मीटर नसेल त्यांनी जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडून घेऊन जावा, पुढच्या बैठकीला परत आणावा.