काटकसरीचा हिशेब कोणाच्या नावावर?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



महागाई वाढली की काटकसरीच्या उपदेशालाही भरती येते. डाळ महागली तर आमटी पातळ करा, गॅस महागला तर भांड्यावर झाकण ठेवा, कापड महागले तर जुनेच वापरा, असे या उपदेशाचे स्वरूप असते. त्यातील एकेक सूचना तपासली तर ती बहुधा बरोबरच निघते. झाकणामुळे इंधन वाचते, आधी भिजवलेली डाळ लवकर शिजते, साबणाची झिजलेली चीप नव्या वडीला चिकटवली तर तीही कामी येते. सूचना खऱ्या आहेत की नाहीत, हा वादाचा मुद्दाच नव्हे. ज्या घरांनी कोणी सांगण्यापूर्वीच त्या पिढ्यान्‌पिढ्या पाळल्या, त्याच घरांना त्या पुन्हा ऐकवल्या जातात; आणि ज्या अर्थव्यवस्थेने नासाडी हाच नफ्याचा मार्ग ठरवला, तिला मात्र कोणी जाब विचारीत नाही, हे खरे दुखणे आहे.

म्हणून काटकसर हा केवळ गृहिणींसाठीच्या सदरातला विषय आहे, असे समजून कार्यकर्त्यांनी तो बाजूस सारू नये. या विषयात ज्ञान आहे, श्रम आहेत आणि सत्तेचा प्रश्नही आहे. तिन्हींचा क्रमाने विचार व्हावयास हवा.

लुगड्याचे आयुष्य

ज्ञानाचा विचार करताना एका नऊवारी लुगड्याचे उदाहरण घेता येईल. लुगडे बहुधा मध्यभागी आधी विरते. ते तसे विरले की टाकून दिले जात नसे. फाटका भाग काढून दोन्ही चांगले तुकडे एकमेकांना शिवले जात. यालाच दंड घालणे म्हणत. दंड घातलेले लुगडे आणखी काही काळ अंगावर चाले. तेही जीर्ण झाले की त्याचे दुपटे होई, बाळोती होत, पाळण्याची झोळी होई; कारण शंभर वेळा धुतलेल्या सुती कापडाइतके मऊ कापड तान्ह्या मुलासाठी दुसरे मिळत नाही. उरलेल्या तुकड्यांचे थर एकावर एक अंथरून, धावदोऱ्याचे जवळजवळ टाके घालून गोधडी शिवली जाई. थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरून ठेवते, हे पदार्थविज्ञान गोधडी शिवणाऱ्या बाईला कोणत्या शाळेने शिकवले नव्हते. पण ते तिला ठाऊक होते. गोधडी फाटली की तिच्यावर ठिगळ लागे. त्याउपर उरलेल्या चिंध्यांचे फडके, फडक्याचे पोतेरे आणि अखेरीस एखाद्या चिंधीचा काकडा. तो जळून राख झाली म्हणजे लुगड्याचे आयुष्य संपले, असे म्हणावयाचे.

स्वयंपाकघरातही हीच साखळी दिसते. दुधावरील सायीला विरजण लागते. घुसळल्यावर ताक व लोणी होते. ताकाची कढी होते, लोण्याचे तूप होते आणि तूप कढवल्यावर तळाशी राहिलेली बेरीही साखर घालून मुले आवडीने खातात. पुरणाची डाळ शिजवताना निघालेला कट आमटीला जातो. किंबहुना ती कटाची आमटी नसेल तर पुरणपोळीचे जेवण अपुरे वाटते. दोडक्याच्या शिरांची चटणी, फणसाच्या आठळ्यांची भाजी, शिळ्या पोळीचा कुस्करा, उरल्या भाताला दिलेली फोडणी, हे सारे पदार्थ टंचाईतून जन्मले आणि पुढे चवीचे म्हणून टिकले. कोकणात तर नारळाचा कोणता भाग वाया जातो, हे शोधूनच सांगावे लागेल. सोडणाचा काथ्या भांडी घासावयास, करवंटी जळणाला किंवा डाव करावयाला, आणि झावळीच्या हिरांचा खराटा अंगण झाडावयास.

या व्यवहारास कंजूषी म्हणणे अन्यायाचे होईल. कंजूष माणूस वस्तू वापरीतच नाही. काटकसरी माणूस ती अखेरपर्यंत वापरतो. पहिल्याची निष्ठा पैशावर असते, दुसऱ्याची वस्तूमागील श्रमांवर. कापसाच्या बोंडापासून मागापर्यंत कोणाकोणाचे हात त्या लुगड्याला लागले, याची जाणीव दंड घालणाऱ्या हातांत असते. गांधीजी पाकिटे उलगडून त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहीत, त्यामागेही हीच दृष्टी होती.

पण या चित्राचे कौतुक करीत थांबणे म्हणजे गरिबीचे गोडवे गाणे होय. दंड घातलेले लुगडे नेसणाऱ्या बाईला विचारले असते तर तिने नवेच मागितले असते, आणि ते मागण्याचा तिला पूर्ण हक्क होता. ठिगळ लावण्याचे कसब निराळे आणि ठिगळ लावण्याची सक्ती निराळी. तेव्हा या ज्ञानाची किंमत आजवर कोणी चुकती केली, हे पाहणे क्रमप्राप्त आहे.

न मोजलेले श्रम

काटकसरीने घरात पैसा वाचतो. परंतु तो आकाशातून पडत नाही. कोणाच्या तरी वेळेतून आणि हातांतून तो निघतो. गोधडी ‘फुकट’ होते याचा अर्थ तिच्या शिवणाऱ्या हातांचा मोबदला शून्य धरला जातो. रेशनच्या रांगेत उभे राहणे, धान्य निवडणे, उरलेसुरले अन्न नासण्यापूर्वी मार्गी लावणे, जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडे देणाऱ्या बोहारणीशी घासाघीस करणे, ही कामे घराच्या जमाखर्चात कधीच दिसत नाहीत. केंद्र सरकारने २०१९ मध्ये केलेल्या वेळ-वापर पाहणीत असे आढळले की, बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. ज्या पुरुषांनी त्या दिवशी घरकामास हातच लावला नाही, ते तर या सरासरीत धरलेलेही नाहीत. ‘बाई काटकसरी आहे’ या प्रशस्तिपत्रकाखाली किती तासांचे श्रम दडलेले असतात, याची कल्पना यावरून यावी.

वेळ ही झाली एक किंमत. दुसरी ताटात दिसते. उरलेले शिळे कोणी खावयाचे, याचा निर्णय असंख्य घरांत न बोलता झालेला असतो. सर्वांची जेवणे उरकल्यावर जे असेल ते ती खाते. भाजी संपली असेल तर चटणीवर भागवते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५७ रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. रक्तक्षयाला अनेक कारणे आहेत. पण कुटुंबाची बचत बाईच्या ताटातून करण्याची रीत त्यांपैकी एक नाही, असे कोण म्हणू शकेल? स्वतःच्या पोटाला दिलेला चिमटा ही काटकसर नव्हे. ते शोषण आहे, आणि घरातले आहे म्हणून ते सौम्य ठरत नाही.

महाराष्ट्रातील स्त्रियांनी हा भेद एकदा रस्त्यावर येऊन स्पष्ट केला. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर परदेशी मिलो आली, तेल आणि रॉकेल दुर्मीळ झाले. तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या नेतृत्वाखाली मुंबईतील स्त्रिया पक्षभेद बाजूस ठेवून महागाईविरुद्ध एकत्र आल्या आणि हातात लाटणी घेऊन मोर्चाने निघाल्या. मूठभर पिठात घर भागवण्याची कला या स्त्रियांना शिकवण्याची गरज नव्हती. त्या कलेलाही मर्यादा असते आणि त्या मर्यादेपलीकडची जबाबदारी सरकारची असते, एवढेच त्यांना सांगावयाचे होते. स्वयंपाकघरातील हत्यार त्या दिवसांत राजकीय चिन्ह झाले, ते उगाच नव्हे.

नासाडीची शिस्तबद्ध निर्मिती

आता सत्तेच्या प्रश्नाकडे वळावयास हवे. वस्तू टिकवून वापरण्याची ही साखळी तुटली ती लोक एकाएकी उधळे झाले म्हणून नव्हे. ती तोडण्यात कोणाचा तरी फायदा होता. याचे जगातील गाजलेले उदाहरण विजेच्या दिव्याचे आहे. १९२४ मध्ये जिनिव्हा येथे दिव्यांच्या बड्या उत्पादकांनी ‘फिबस’ नावाचा संघ स्थापन केला. दिव्याचे आयुष्य १,००० तासांपुरते राखण्याचे त्यांनी ठरवले. त्याआधी याहून अधिक काळ टिकणारे दिवे बनत होते. सभासद कारखान्यांचे दिवे तपासले जात आणि दिवा ठरल्यापेक्षा जास्त टिकला तर त्या कारखान्याला दंड होई! शास्त्रज्ञांची बुद्धी वस्तू टिकाऊ करण्यासाठी नव्हे, तर ती वेळेवर निकामी व्हावी यासाठी राबवली गेली. हा संघ दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मोडला. त्याची नीती मात्र मोडली नाही. आज ज्याची बॅटरी घरी बदलता येत नाही असा फोन आणि ज्याचा सुटा भाग बाजारात मिळत नाही असा मिक्सर हे त्याच नीतीचे वारस होत.

याउलट, टिकाऊपणाची सार्वजनिक व्यवस्थाही होऊ शकते, हे मुंबईने अनुभवले आहे. १९४९ मध्ये आरे दुग्ध वसाहत उभी राहिली आणि पुढे कित्येक वर्षे आरेच्या केंद्रांवर काचेच्या बाटल्यांतून, रंगीत पन्नीच्या टोपणांखाली दूध मिळत असे. रिकामी बाटली द्यावयाची आणि भरलेली घ्यावयाची. तीच बाटली धुऊन पुन्हा भरली जाई. यासाठी कोणाला पर्यावरणाचे प्रवचन द्यावे लागले नाही. व्यवस्थाच तशी होती. नंतर प्लास्टिकच्या पिशव्या आल्या, बाटलीचा परतीचा प्रवास बंद झाला आणि बाटलीची जागा कचऱ्याने घेतली. १९८० नंतर शांपू, तेल, मसाला यांच्या पुड्या खेड्यापाड्यांतील दुकानांत लटकू लागल्या. हाती थोडा पैसा असणाऱ्याला थोडी वस्तू मिळू लागली, ही सोय खरी. पण वेगवेगळ्या थरांचे ते वेष्टन भंगारवाला घेत नाही आणि मातीही घेत नाही. कारखानदाराने आपला वेष्टनाचा भार ग्रामपंचायतीच्या नाल्यावर टाकला आणि किंमत मात्र खिशात घातली.

कायद्यांनी हा भार कोठे ठेवला? २०१६ च्या केंद्रीय नियमांनी वेष्टन परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये दंड ठरला. दंडाची पावती भाजीवाल्याच्या हाती सहज पडते. पुडीच्या कारखान्यापर्यंत ती पोहोचत नाही.

आणि या साऱ्या नासाडीतून जे काही वाचते, ते कोण वाचवते? १९९३ मध्ये पुण्यात बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर समाजासमोर आले. कचरा वेचून त्यातील कागद, काच, पत्रा पुन्हा कारखान्याकडे पाठवणाऱ्या स्त्रिया, बहुतांशी दलित स्त्रिया, शहराची फार मोठी बचत करीत होत्या आणि त्यांच्या वाट्याला चोरीचे आळ येत होते. संघटनेमुळे त्यांना कामगार म्हणून ओळख मिळाली. २००८ मध्ये त्यांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी पुणे महापालिकेने घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार केला. घरातील काटकसर बाईच्या बिनमोल श्रमांवर आणि शहराची काटकसर जातीने लादलेल्या श्रमांवर, ही या समाजाची दुहेरी लबाडी आहे. ती उघडी पाडल्याशिवाय स्वच्छतेच्या कोणत्याही मोहिमेला नैतिक अधिष्ठान येणार नाही.

कार्यकर्त्यांपुढील काम

मग कार्यकर्त्यांनी काय करावे? आरंभ घरापासून व्हावा, पण उपदेशाने नव्हे, श्रमाच्या वाटणीने. टाका घालणे, उरलेल्या अन्नाची सोय लावणे, ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवणे ही कामे पुरुष कार्यकर्त्याने शिकून करावीत. शिळे असेल तर ते सर्वांच्या ताटात सारखे पडावे. समतेच्या व्याख्यानाला टाळ्या मिळवणाऱ्याने घरी परतल्यावर वाढून ठेवलेल्या ताटावर बसावे, हे शोभणारे नाही.

दुसरे काम सार्वजनिक वर्तनाचे. शिबिरे आणि मेळावे यांत एकदा वापरून फेकावयाचे पेले आणि ताटल्या बंद व्हाव्यात. भांडी धुण्याची पाळी नेत्यांनाही लागावी. वस्तीवस्तीत चांभार, शिंपी, चाकूंना धार लावणारे, स्टोव्ह आणि पंखे दुरुस्त करणारे कारागीर आहेत. फूटपाथवरून त्यांना उठवणाऱ्या मोहिमांच्या वेळी पक्षाने त्यांच्या बाजूने उभे राहावे. कारण दुरुस्तीचे कसब जिवंत राहिले तरच वस्तू जिवंत राहतात.

तिसरे काम मागण्यांचे. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. फ्रान्समध्ये २०२१ मध्ये फोन, धुलाई यंत्र अशा काही वस्तूंवर त्या कितपत दुरुस्त होऊ शकतात याचे गुण छापणे बंधनकारक झाले. सुटे भाग मिळालेच पाहिजेत, वेष्टन उत्पादकाने परत घेतलेच पाहिजे, तेल आणि डाळ ही रेशन दुकानावर स्वतःच्या भांड्यात घेता आली पाहिजे, वेचक स्त्रीला तिच्या कामाचे निश्चित वेतन मिळाले पाहिजे, या मागण्या प्रत्येक महापालिकेच्या आणि पंचायतीच्या दारात नेण्याजोग्या आहेत.

टंचाईने लादलेली काटकसर माणसाला खुजी करते. सर्वांनी मिळून, समजून स्वीकारलेली काटकसर समाजाला समर्थ करते. पहिलीचे ओझे आजवर बाईने आणि दलिताने वाहिले. दुसरीचे ओझे सर्वांच्या, आणि सर्वांत आधी नफा कमावणाऱ्यांच्या खांद्यावर यावे, हाच या विषयातील समाजवादाचा अर्थ आहे.