बियाण्यासोबत मातीहि द्यावी
(साहाय्य-सभेंतील भाषण)



१९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांतील मजुरांस सुकडी वाटली गेली, हें आपणांस ठाऊकच आहे. सुकें अन्न दुरून आणतां येतें. पालेभाजी मात्र दारींच पिकवावी लागते. धान्य धुतलेल्या पाण्यावरहि चार कुंड्यांत मेथी-पालक निघतो. यासाठीं आपण बियाणें देतां, हें आपलें औदार्य. परंतु माती वाईट असल्यास तें दान वायां जातें.

आपली काळी माती शेतांत लक्ष्मी खरी. कुंडींत मात्र ती ओलीनें फुगते, वाळतांच भेगाळते व कोंवळीं मुळें तुटतात. यास्तव एक भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलें शेणखत आणि एक भाग जाड वाळू किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा मिसळावा. ताजें शेण घालूं नये. त्यानें मुळें जळतात व हुमणी होते. ओलसर मिश्रण मुठींत दाबून पाहावें : गोळा व्हावा, पण बोट लावतांच फुटावा. कुंडीच्या तळास छिद्र अवश्य असावें.

जमीनदार बंधूंनीं उकिरड्यांतील जुनें खत द्यावें, व्यापारी बंधूंनीं भुसा व गाडीभाडें द्यावें, एवढीच नम्र विनंति. मग गरिबाच्या ताटांत महिन्याभरांत भाजी पडेल.