सेंद्रिय स्ट्रॉबेरी : कष्ट बाईचे, प्रमाणपत्र कुणाचे?



महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. २०१० साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. ती सेंद्रिय पद्धतीने पिकवावी, असं आता बोललं जातं. माझा त्याला पाठिंबाच आहे. या फळाला सोलायची साल नाही. जे फवारलं ते खाणाऱ्याच्या पोटात जातं आणि त्याआधी तोडणारीच्या हाताला लागतं. म्हणजे विषमुक्त शेती हा आपल्या आरोग्याचाही प्रश्न आहे.

पण रसायनं बंद झाली की त्यांचं काम कोण करतं? हा प्रश्न शेतीच्या मेळाव्यांत विचारला जात नाही, म्हणून आपण विचारायचा.

तणनाशक नाही, म्हणजे खुरपणी वाढली. बुरशीनाशक नाही, म्हणजे रोगट पानं आणि सडकी फळं वेचून शेताबाहेर न्यायची. वाफ्यावर पेंढा अंथरायचा, म्हणजे फळ मातीला टेकत नाही. रोपाला फुटणारे रनर खुडत राहायचे, नाहीतर फळ धरत नाही. एकरभर जीवामृताला २०० लिटर पाणी, १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि मूठभर माती लागते, शिवाय रोज ढवळावं लागतं. हे शेण गोळा कोण करतं? पाणी कोण भरतं? शेवटी तोडणी. ऊन चढायच्या आत, वाकून, देठासकट, फळ न दाबता.

बाईचा हात हलका, म्हणून ही कामं तिची, असं सांगतात. हलक्या हाताचं कौतुक होतं, मजुरी मात्र पुरुषापेक्षा कमीच.

आता कागदाकडे पाहू. वार्षिक पिकाला प्रमाणपत्र मिळण्याआधी किमान दोन वर्षांचा रूपांतरकाळ असतो. त्या काळात उत्पन्न घटू शकतं आणि सेंद्रियचा पूर्ण भावही मिळत नाही. ही तूट घरखर्चातून, म्हणजे बाईच्याच पदरातून भरली जाते. पुढे प्रमाणपत्र येतं ते बहुधा सातबाऱ्यावरच्या नावाने. २०१५-१६च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटदारांमध्ये स्त्रिया सुमारे १४ टक्केच होत्या.

मग करायचं काय?

पहिलं, सहभागी हमी पद्धतीत, म्हणजे पीजीएसमध्ये, किमान पाच शेतकऱ्यांचा गट लागतो आणि सदस्य एकमेकांची शेतं तपासतात. या गटात आपली नोंद करा. तपासणीला स्वतः जा. कोणत्या वाफ्यात काय घातलं, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

दुसरं, जमिनीवर नाव. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मिळाला. भावाच्या प्रेमापोटी हक्कसोड पत्रावर सही करण्याआधी हे आठवा. पत्नीचं नाव सातबाऱ्यावर लागावं, ही मागणी तर चांदवडच्या १९८६च्या शेतकरी महिला अधिवेशनापासूनच्या चळवळीने गावोगावी नेली आहे.

तिसरं, ज्यांना जमीनच नाही त्यांचं काय? केरळात कुटुंबश्रीच्या स्त्रिया गट करून खंडाने जमीन कसतात. ती वाट आपल्यालाही मोकळी आहे. आणि जी मजुरीला जाते, तिला सेंद्रियच्या जादा भावातला वाटा वाढीव रोजातून मिळालाच पाहिजे.

विष गेलं आणि विषमता राहिली, तर ती शेती आपल्या दृष्टीने अर्धीच सुधारली. गावी गेल्यावर बचत गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या घरचा सातबारा आणावा आणि त्यावर कुणाची नावं आहेत ते मोठ्याने वाचावं. तिथून सुरुवात करू.